बदनामीचा दावा आला तर : प्रतिवादीने कोर्टापुढे काय उघड करायचे, काय नाही

विहाराच्या बांधकाम निधीचा हिशेब कुणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतो. कुणी वसतिगृहातल्या निकृष्ट जेवणाचा व्हिडिओ टाकतो, कुणी वस्तीतल्या कंत्राटदाराने नाली अर्धवट सोडल्याचे फोटोसह लिहितो. पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस येते : सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, नाहीतर पन्नास लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा. नागपुरातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही अशा नोटिसा पाहिल्या आहेत. नोटीस घेऊन येणाऱ्या तरुणांचे साधारण दोन प्रकार असतात. एक म्हणतो, "आमच्याकडे सगळे पुरावे आहेत, वेळ आली की कोर्टात दाखवू." दुसरा तोपर्यंत पोस्ट, ग्रुप, अकाउंट सगळे डिलीट करून मोकळा झालेला असतो. कायद्याच्या दृष्टीने दोघेही अडचणीत आहेत. पहिल्याची "वेळ" त्याला वाटते त्याहून फार लवकर येते आणि दुसऱ्याने स्वतःचाच बचाव पुसून टाकलेला असतो.

एक गोष्ट आधीच मान्य करू. अब्रूचा कायदा कागदावर सर्वांना सारखा असला तरी नोटीस बहुधा वरून खालीच येते. ज्याच्याकडे वकिलाची फी आहे, त्याची अब्रू कोर्टात लवकर पोहोचते. म्हणूनच ज्यांना उत्तर द्यावे लागते त्यांना कोर्टाची रीत माहीत असली पाहिजे.

कागद आहे म्हणजे पुरावा आहे असे नाही

महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले बदनामीचे प्रकरण १८८२ चे आहे. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात, असे आरोप छापले. आधार होता बर्वे यांच्या नावावरच्या पत्रांचा. बर्वे यांनी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरीही दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. त्यांच्या जामिनासाठी दहा हजारांची सोय जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी केली होती, हे आपल्या चळवळीत सांगितले जाते. पण त्या खटल्याचा कायद्याच्या अंगाने फारसा विचार होत नाही. आरोप करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. राजाविषयी खरी कळकळ होती. ज्या कागदावर सगळी इमारत उभी होती, तो कागद मात्र उलटतपासणीत टिकला नाही.

दुसरे प्रकरण आपल्याला जवळचे. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि पुस्तकाचे मुद्रक यांच्यावर बदनामीचा खटला झाला. पुण्यात शिक्षा झाली आणि १९२६ मध्ये अपिलात त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी लढवून त्यांना सोडवले. मजकूर दिवंगत टिळक आणि चिपळूणकर यांच्याविषयी होता. मृत व्यक्तीची बदनामी केव्हा गुन्हा होते? ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि मजकुराचा रोख तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा असला तर. फिर्यादी कोण, त्याचे नाते काय, त्याला फिर्यादीचा हक्क आहे का, हे प्रश्न बचावाने पहिल्याच दिवशी विचारायचे असतात. आरोप खरा की खोटा, ही चर्चा त्यानंतरची.

आधी पाहा : दिवाणी की फौजदारी

एकाच पोस्टवरून दोन्ही होऊ शकते. फौजदारी फिर्याद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या मजकुराला भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमे लागतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा नव्या कायद्यानुसार समाजसेवा. हे कलम रद्द व्हावे म्हणून झालेले प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फेटाळले. दिवाणी दाव्यात भरपाई आणि मनाई हुकूम मागितला जातो. त्यासाठी वेगळा अधिनियम नाही. तो न्यायालयीन निकालांतून घडलेला कायदा आहे.

उघड करण्याच्या जबाबदारीत दोन्हींमध्ये मोठा फरक आहे. फौजदारीत तुम्ही आरोपी असता. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार तुमच्यावर करता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तक्रारीची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तिथे किती बोलायचे हे वकिलाशी ठरवा. मात्र सत्य, सद्भाव, लोकहित यांसारख्या दहा अपवादांपैकी एखाद्याचा आधार घ्यायचा असेल तर तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. संशयापलीकडे नव्हे, पण शक्यतेचे पारडे आपल्याकडे झुकेल इतका. दिवाणीत मात्र गप्प राहणे म्हणजे कबूल करणे.

दोन्ही प्रकरणे एकाच वेळी चालू असतील तर दिवाणी कोर्टात शपथेवर जे लिहाल ते फौजदारी कोर्टात वाचले जाऊ शकते. दोन्हीकडे दोन वकील असतील तर त्यांना एकदा समोरासमोर बसवा.

लेखी कैफियत : सगळा खेळ इथे आहे

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत दाखल करायची. कारण नोंदवून कोर्ट ती नव्वद दिवसांपर्यंत घेऊ शकते. त्यापुढे अपवादात्मक कारण लागते. मुदत गेली की रोजनाम्यावर 'नो डब्ल्यूएस' असा हुकूम होतो आणि तो उठवण्यासाठी अर्ज, खर्च, विनवण्या सुरू होतात. वकिलाच्या नोटिशीला उत्तर दिले होते म्हणून कैफियतीची गरज नाही, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. नोटिशीचे उत्तर हे फार तर एक निशाणी होईल, आणि रागात लिहिले असेल तर ती वादीच्याच कामाची ठरेल.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मधले नियम प्रतिवादीला काय सांगतात? वादपत्रातले प्रत्येक विधान स्वतंत्रपणे आणि स्पष्टपणे नाकारा. "परिच्छेद १ ते २० मधील मजकूर खोटा आहे" असे मोघम नाकारणे पुरत नाही. जे नाकारले नाही ते मान्य धरले जाऊ शकते. आणि ज्या गोष्टीवर बचाव उभा आहे ती गोष्ट कैफियतीत लिहिलेली असली पाहिजे. ऐन साक्षीच्या वेळी नवा बचाव काढता येत नाही. कैफियत सत्यापनासह आणि शपथपत्रासह द्यायची असते, म्हणजे त्यातले खोटे तुमच्या अंगाशी येते.

बदनामीच्या दाव्यात उघड कराव्या लागणाऱ्या पहिल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मजकूर तुम्ही लिहिला का, पुढे पाठवला का, की फक्त ग्रुपचे अॅडमिन आहात? तिन्हींची जबाबदारी वेगळी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका फौजदारी प्रकरणात नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी म्हटले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. पुढे पाठवणाऱ्याला मात्र अशी सूट नाही. बदनामीकारक मजकूर रिट्विट करणे हेही प्रकाशनच, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केजरीवाल यांच्या प्रकरणात सांगितले. तेव्हा "मी फक्त फॉरवर्ड केले" हे कैफियतीत लिहिण्यापूर्वी ते बचाव आहे की कबुली, याचा विचार करा.

प्रकाशनाची तारीखही पाहा. दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष आहे. मजकूर त्याहून जुना असेल तर मुदतीचा मुद्दा कैफियतीच्या सुरुवातीलाच घ्या.

मग येतो 'सत्य' हा बचाव. दिवाणीत सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्यासोबत लोकहितही दाखवावे लागते. पण सत्याचा बचाव घेणाऱ्याने तपशील उघड करायचे असतात : काय घडले, केव्हा, कुठे, कुणाकडून, किती रकमेचे. समजा एका तरुणाने पोस्टमध्ये लिहिले, "खजिनदाराने विहाराचा पैसा खाल्ला." कैफियतीत त्याने "वादीचा भ्रष्टाचार सर्वांना माहीत आहे" असे लिहिले तर ते शून्य आहे. त्याऐवजी त्याने लिहिले की अमुक तारखेच्या सभेत वादीने ४ लाख २० हजार रुपये जमा झाल्याचे सांगितले, त्याच वर्षाच्या ऑडिट अहवालात २ लाख ६० हजार दिसतात, फरकाचा खुलासा लेखी अर्जाने मागितला आणि उत्तर आले नाही, तर कोर्टाला हाताला काहीतरी लागते.

तरीही इथे एक खाच आहे आणि आमच्या अनुभवात बहुतेक तरुण तिथेच अडखळतात. वरच्या तपशिलातून आकड्यांतली तफावत सिद्ध होते, 'पैसा खाल्ला' हे सिद्ध होत नाही. पोस्ट जर "१ लाख ६० हजारांचा हिशेब कुठे आहे?" अशी असती तर बचाव कितीतरी सोपा झाला असता. आरोप जेवढा मोठा तेवढाच पुरावा लागतो. 'चोर' लिहिले तर चोरी सिद्ध करायची असते. जे सिद्ध करता येईल ते 'सत्य' म्हणून आणि जे आपले मत आहे ते 'उचित टीका' म्हणून, असे दोन भाग कैफियतीत वेगळे ठेवा. उचित टीकेसाठीही ज्या खऱ्या गोष्टींवर मत उभे आहे त्या सांगाव्याच लागतात.

कागदपत्रांची यादी

आदेश ८ नियम १-अ प्रमाणे, ज्या कागदांवर बचाव आधारलेला आहे ते कैफियतीसोबतच यादी करून दाखल करायचे असतात. जो कागद तुमच्या ताब्यात नाही, तो कुणाच्या ताब्यात आहे हे सांगायचे : बँकेकडे, धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात, महापालिकेत. यादीत नसलेला कागद पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय घेतला जात नाही. "वेळ आली की दाखवू" म्हणणाऱ्यांची अडचण इथे होते.

एक सवलत आहे. वादी किंवा त्याचे साक्षीदार यांच्या उलटतपासणीत समोर ठेवण्यासाठीचा कागद आधी दाखल करावा लागत नाही. वादी स्वतः साक्षीला उभा राहिला तरी त्याला असा कागद दाखवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाच्या निकालावरच्या अपिलात स्पष्ट केले. तरी मुख्य पुरावा या आशेवर लपवून ठेवू नका. साक्षीदाराने कागद ओळखला नाही तर तो हातातच राहतो.

सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत आपल्याकडे चांगली सोय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचा परिशिष्ट १ चा उतारा, ऑडिट अहवाल, बदल अर्ज यांच्या प्रमाणित प्रती धर्मादाय कार्यालयातून मागता येतात. सरकारी कामाबाबत माहिती अधिकार आहेच. पोस्ट टाकण्याआधी या प्रती घेतलेल्या असतील तर पुढचे अर्धे काम झालेले असते. झेरॉक्सची झेरॉक्स आणि कुणीतरी पाठवलेला अस्पष्ट फोटो यांवर लढू नका.

स्क्रीनशॉट, व्हिडिओ, ऑडिओ यांचे नियम आणखी कडक आहेत. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच कोर्टात हजर केले तर गोष्ट वेगळी. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. म्हणून ज्या मोबाइलवर व्हिडिओ काढला तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

डिलीट करण्याबद्दलही इथेच सांगतो. मजकूर लोकांना दिसू नये म्हणून काढून घेणे हा एक निर्णय असू शकतो, कधी शहाणपणाचाही. पण त्याची तारीख-वेळेसह पूर्ण प्रत, त्याखालच्या टिप्पण्या, लिंक हे सगळे आधी जतन करा. कोर्टात सादर होऊ नये म्हणून दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय जो कागद दाबून ठेवला तो दाबणाऱ्याच्या विरोधात होता, असे अनुमान कोर्ट काढू शकते.

पडताळणी कशी केली तेही सांगा

राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य (१९९४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या अधिकृत कामाबाबत एक महत्त्वाची गोष्ट मांडली. मजकूर चुकीचा ठरला तरी, प्रतिवादीने वाजवी पडताळणी करून लिहिले होते हे दाखवले तर भरपाईचा दावा टिकत नाही. म्हणजे निष्कर्षाइतकीच त्यापर्यंत पोहोचण्याची वाटही उघड करावी लागते. कुणाला विचारले, कोणता अर्ज केला, समोरच्याची बाजू मागितली का, किती दिवस थांबलो. संबंधिताला पाठवलेला एक साधा ईमेल, "आपले म्हणणे कळवा", इथे फार मोलाचा ठरतो.

पडताळणी नसेल तर काय होते, याचे उदाहरण नागपूरकरांना माहीत आहे. २०१४ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी भ्रष्ट नेत्यांच्या यादीत नितीन गडकरी यांचे नाव घेतले, गडकरींनी दिल्लीत फौजदारी फिर्याद केली, जातमुचलका नाकारल्याने केजरीवाल काही दिवस तिहारमध्ये राहिले आणि मार्च २०१८ मध्ये पडताळणी न करता बोललो असे पत्र देऊन त्यांनी खेद व्यक्त केला. मुख्यमंत्र्याला हे परवडले. आपल्याकडच्या शिक्षकभरतीची तयारी करणाऱ्या पोराला चार वर्षांच्या तारखा परवडत नाहीत.

चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती केव्हा आणि कशी केली, हेही कैफियतीत यावे. २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने एका घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायाधीशांच्या जागी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो काही सेकंद दाखवला. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये शंभर कोटींचा हुकूमनामा दिला. अपील ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी भरायला आणि ऐंशी कोटींची हमी द्यायला सांगितले.

समोरचा मागेल तेव्हा

साध्या दिवाणी दाव्यात स्वतःच्या विरोधातला प्रत्येक कागद आपणहून देण्याची सक्ती नसते. व्यापारी दाव्यांत २०१५ पासून ती आहे आणि इंग्लंडमध्ये सर्वसाधारण दाव्यांतही आहे. पण आपल्याकडे वादी आदेश ११ खाली अर्ज करू शकतो. कोर्टाच्या परवानगीने तो लेखी प्रश्न देतो आणि त्यांची उत्तरे शपथपत्रावर, साधारणपणे दहा दिवसांत, द्यावी लागतात. तो तुमच्या ताब्यातल्या संबंधित कागदांची शपथपूर्वक यादी मागू शकतो. तुम्ही कैफियतीत ज्या कागदाचा उल्लेख केला तो पाहायला मागू शकतो, म्हणून जो कागद दाखवायचा नाही त्याचा उल्लेखही करू नका. हुकूम होऊनही पाळला नाही तर बचावच काढून टाकला जाऊ शकतो. मग उलटतपासणीपलीकडे फारसे काही हाती उरत नाही.

हेच हत्यार प्रतिवादीलाही आहे आणि ते फार कमी वापरले जाते. तुमची अब्रू पन्नास लाखांची कशी, लौकिकाला नेमका कुठे धक्का लागला, निधीचे पासबुक दाखवा : हे प्रश्न आपणही विचारू शकतो.

जे सांगावे लागत नाही

वकिलाशी झालेले बोलणे आणि पत्रव्यवहार गोपनीय असतो. प्रश्न गैरलागू, केवळ छळासाठी किंवा खोडसाळ असेल तर हरकत घेता येते. कैफियतीत घटना लिहायच्या असतात, पुरावा नव्हे, म्हणून साक्षीदार काय सांगणार हे तिथे लिहायची गरज नाही. साक्षीदारांची यादी मुद्दे निघाल्यावर पंधरा दिवसांत द्यायची असते.

माहिती कुणी दिली, हा सर्वांत कठीण प्रश्न. पत्रकाराला स्रोत सांगण्याची सक्ती करता येणार नाही अशी तरतूद प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ मध्ये आहे, पण ती फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती. दिवाणी किंवा फौजदारी कोर्टात तसे वैधानिक संरक्षण नाही. कार्यकर्त्याला तर नाहीच. त्यामुळे कार्यालयातल्या एखाद्या बाईने विश्वासाने कागद दिला असेल तर तिचे नाव उघड करायची पाळी येणार नाही अशी तजवीज आधीच करा : तोच कागद माहिती अधिकारातून मागा आणि त्या प्रतीवर लिहा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख तर बचावाच्या कागदांतही जाहीर होऊ देऊ नका, ते कायद्याने मना आहे. असे कागद बंद पाकिटात किंवा नाव झाकून देण्याची परवानगी मागा. अत्याचाराची तक्रार पोलिसांत दिल्याबद्दलच बदनामीची नोटीस आली असेल, तर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावाने केलेली तक्रार हा कायद्यातलाच अपवाद आहे, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

पहिल्या तारखेला

दाव्यासोबत बहुधा तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो, आणि त्याला तीस दिवसांची वाट पाहायला मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुनावणीपूर्वीच मजकुरावर बंदी घालण्याचा हुकूम सहज देऊ नये. मजकूर द्वेषमूलक किंवा उघड खोटा असल्याचे दिसले पाहिजे. म्हणून पहिल्या तारखेलाच निदान मुख्य दोन-तीन कागद आणि सत्याचा बचाव घेणार असल्याचे शपथपत्र तयार हवे. कोरे हात घेऊन गेलात तर हा निकाल उपयोगी पडणार नाही.

पैशाचा प्रश्न राहतोच. लंडनमध्ये मॅकडोनाल्ड्सविरुद्ध पत्रके वाटल्यामुळे अडकलेल्या हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांनी वकिलाशिवाय ३१३ दिवस सुनावणी लढवली आणि त्यांना सरकारी कायदेशीर मदत नाकारणे अन्यायाचे होते, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि सर्व महिला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलास पात्र आहेत. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध धर्मांतरितांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. काही राज्यांच्या नियमांत बदनामीची प्रकरणे या मदतीतून वगळलेली आहेत, म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देतानाच हे विचारून घ्या. सोबत जातीचा दाखला, समन्सची प्रत आणि वादपत्रासोबत आलेले सगळे कागद न्या. समन्स ज्या दिवशी हातात पडले ती तारीख लिफाफ्यावर पेनाने लिहून ठेवा. तीस दिवस तिथून मोजले जातात.